पानं गुंडाळली की आदिवासी नृत्य होत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गॅदरिंगचे दिवस जवळ आले की खान्देशातल्या महाविद्यालयांच्या फलकावर ‘ट्रॅडिशनल डे’ आणि ‘आदिवासी नृत्य’ हमखास झळकतात. मग कमरेला अशोकाची पानं, तोंडाला काळं, हातात पुठ्ठ्याचा भाला आणि डीजेवर सिनेमातली आरोळी. समोर सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याची आदिवासी मुलं बसलेली असतात. हा पोशाख कुठल्या जमातीचा, हे त्यांनाही सांगता येत नाही, कारण तो कुठल्याच जमातीचा नसतो.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात दहांतली जवळजवळ सात माणसं अनुसूचित जमातींची आहेत. पावरा, भिल्ल, मावची, कोकणी, धानका. प्रत्येकाची बोली वेगळी, दागिने वेगळे, ढोलाचा ठेकाही वेगळा. तेव्हा नृत्य बसवायचंच असेल तर आधी तालुका ठरवा, मग प्रसंग: होळीचं, लग्नाचं की इंदल या नवसाच्या पूजेचं? त्या गावचा विद्यार्थी किंवा जाणकार तालमीला बसवा. डीजेला हजारो रुपये देणाऱ्या समितीने ढोल आणायला एक जीप आणि वाजवणाऱ्यांना मानधन द्यायला कुरकुर करू नये. रेकॉर्डिंगवर पाय पडत नाहीत, कारण ढोलकरी नाचणाऱ्यांकडे बघून ठेका बदलतो.

सर्वांत मोठी चूक बावा-बुध्याच्या वेशाची होते. मोरपिसांचा टोप, अंगावरची राखेची नक्षी, कमरेचे भोपळे आणि घुंगरू फोटोत छान दिसतात, म्हणून मुलं ते उचलतात. पण होळीत तो वेश नवस केलेला माणूस घेतो आणि त्या दिवसांत खाटेवर न झोपण्यासारखी पाळणी पाळतो. डिसेंबरात रंगमंचावर तो चढवणं म्हणजे कुणाच्या तरी व्रताची नक्कल. युवक महोत्सवाच्या नियमाने लोकनृत्याला दहा कलावंत आणि दहा मिनिटं मिळतात. रात्रभर रिंगणात चालणारा नाच त्यात कोंबताना मुलं शेवटची दोन मिनिटं टाळ्यांसाठी ठेका पळवतात आणि रिंगण मोडून परीक्षकांकडे तोंड करून रांग लावतात. एकच चाल घ्या, ठेका शेवटपर्यंत तोच ठेवा, रिंगणाची एक बाजू उघडी सोडा. निवेदकाने तालुका आणि प्रसंग सांगितला तरी पुरे. ‘निसर्गाची लेकरं’ वगैरे नको.

दुसरी गोष्ट फिशपाँडची. मुलीच्या रंगावरून, ‘पावरा’ आडनावावरून, ‘शाळा’ला ‘शाया’, ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणण्यावरून चिठ्ठ्या येतात आणि माइकवर वाचल्या जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जात, वंश, रंग, भाषिक ओळख, जन्मस्थान किंवा आर्थिक स्थितीवरून केलेला मानसिक छळ हा रॅगिंगच आहे. एखाद्याला वाळीत टाकणंही त्यात आलं. प्रवेशाच्या वेळी हमीपत्र सगळेच भरतात, वाचत कुणी नाही. चिठ्ठ्या आदल्या दिवशी दोघांनी चाळाव्यात, त्यांतला एक आदिवासी वसतिगृहातला असावा. त्याला जे हसू येत नाही ते वाचू नये. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक वसतिगृहाच्या दारावर लावावा.

तोंडी परीक्षेत तर प्राध्यापकच फिशपाँड टाकतात. ‘ळ’चा ‘य’ होणं ही अहिराणी आणि लेवा गणबोलीची सरळ रीत आहे. जिथे घरी पावरी किंवा मावची बोलतात, तिथे प्रमाण मराठी ही शाळेत शिकलेली भाषा, इंग्रजी त्यानंतरची. परीक्षकाने पहिल्याच वाक्यात उच्चार सुधारला की पुढची सगळी उत्तरं ‘हो’, ‘नाही’वर येतात आणि शेरा पडतो: विषयाची समज कमी. तांत्रिक शब्द तसेही सगळे इंग्रजीच वापरतात, तेवढे नेमके आले का ते पाहावं. लेवा बोलीत रचना करणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाईंचं नाव २०१८ पासून आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला आहे, एवढं परीक्षकांना स्मरलं तरी चालेल.

आता वेळापत्रक. खरी अडचण इथेच आहे. सातपुड्यातली होळी एका दिवसाची नसते. आधीचा आठवडा भोंगऱ्या बाजारांचा, म्हणजे होळीच्या खरेदीचा. मग काठी या गावची राजवाडी होळी, जी रात्रभराच्या नाचानंतर पहाटे पेटते, आणि गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी. हे सगळं फाल्गुनात, म्हणजे नेमकं अंतर्गत चाचण्या आणि प्रात्यक्षिकांच्या तोंडावर येतं. जळगावहून धडगावला एसटीने जायचं तर दिवस मोडतो, त्यामुळे धुळवडीच्या एका सुट्टीत मूल घरी जाऊन परत येऊच शकत नाही. मग पंचाहत्तर टक्के हजेरी हुकते. जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक सुट्टी जिल्ह्यापुरती आणि विद्यापीठाचा पेपर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत एकाच तारखेला, म्हणून तोही उपाय अपुरा. नंदुरबार जिल्ह्यासह शिरपूर, चोपडा, यावल तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी होळीआधीचे आठ आणि नंतरचे पाच दिवस चाचणी ठेवू नये. ठेवावीच लागली तर फेरचाचणीची तारीख त्याच सूचनेत छापावी. नंतर अर्ज घेऊन केबिनबाहेर उभं राहायला लावू नये.

कानबाई या खान्देशातल्या देवीच्या श्रावणातल्या सणाचं गणित सोपं आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, सोमवारी विसर्जन, आणि नैवेद्याचे रोट भाऊबंदांनी घरी बसून खायचे. त्या सोमवारी प्रात्यक्षिक लावणाऱ्याला रिकामीच प्रयोगशाळा मिळते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून मेसच्या कंत्राटात तारीख न घालता ‘रोजाच्या महिन्यात पहाटेपूर्वी झाकणाचा डबा’ असं कलम घालावं.

प्रवेशाच्या खिडकीवरही एक घोळ होतो. ‘पावरा’चा ‘पवार’ होतो. दहावीचं गुणपत्रक, जातीचा दाखला आणि आधार यांत आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग जुळलं नाही की शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो आणि जातवैधतेच्या वेळी खुलासे लिहावे लागतात. पहिल्या महिन्यातच तिन्ही कागद शेजारी ठेवून तपासावेत. ‘तडवी’ आडनावाबाबत तर अंदाजच बांधू नये: यावल-रावेरचे तडवी मुस्लिम आहेत, अक्कलकुवा-तळोद्याचे नाहीत, आणि लिपिक दोघांनाही चुकीचे प्रश्न विचारतो.

वृत्तपत्रांकडेही एक मागणं आहे. भोंगऱ्या हा होळीच्या खरेदीचा आठवडी बाजार आहे. गूळ, डाळ्या, साखरेचे हार-कडं, कपडे घ्यायचा. दर फाल्गुनात त्याची बातमी ‘मुली पळवून नेण्याचा बाजार’ म्हणून छापली जाते आणि दुसऱ्या दिवशी तेच कात्रण वर्गात फिरतं. यंदा ती छापण्याआधी बातमीदाराने शहादा किंवा धडगावच्या बाजारात एक फेरी मारावी.

आपले,
सांस्कृतिक विभाग व वसतिगृहाचं काम पाहणारे काही प्राध्यापक,
जि. नंदुरबार