आधी मोजणी, मग पाया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की नाशिकच्या म्हसरूळ, मखमलाबाद, आडगावकडच्या कॉलन्यांमध्ये गवंडीकाम निघते. कुणी तारेचे कुंपण काढून भिंत घालतो, कुणी मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवतो, कुणी टाकी खोदतो. गेल्या दिवाळीनंतर मीही भिंतीचे काम काढले. त्यात जे झाले ते इतर प्लॉटधारकांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे पत्र.

आमच्या ले-आउटच्या जागी पूर्वी द्राक्षबाग होती. बाग तोडली तेव्हा मांडवाचे काही लोखंडी अँगल तसेच उभे राहिले. आधीच्या मालकाने त्यातल्याच दोन अँगलना तार बांधली आणि तीच हद्द सगळ्यांच्या डोळ्यांत बसली. प्लॉट घेताना मीही कधी टेप लावून पाहिला नाही. गवंड्याने त्याच अँगलला दोरी बांधली, चर खणला, काँक्रीट ओतले. तिसऱ्या दिवशी मागच्या घरातल्या काकू आल्या. म्हणाल्या, "दादा, भांडायला नाही आले. पण आधी सरकारी मोजणी करून घ्या. आणि आमचं ड्रेनेज तुमच्या कोपऱ्यातून जातं, तेवढं बघा."

काम थांबवले आणि मोजणी आणली. पाया अडीच फूट त्यांच्या जागेत गेला होता. मागे घेऊन हद्दीवर आणावा, तर एक टोक नेमके त्यांच्या ड्रेनेजच्या पाइपावर येत होते. घातलेला पाया ब्रेकर लावून फोडला. पाइपाच्या दोन्ही बाजूंना खड्डे घेऊन वरून बीम टाकला, भिंत त्यावर उचलली आणि पाइप दुरुस्त करायला त्यांना आत येता येईल, असे दोघांत लेखी केले. काकूंच्या जागी दुसरे कुणी असते तर आज मी कोर्टाच्या तारखा मोजत असतो.

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड हातात असले की जागा कळली, असे आपण धरून चालतो. त्यावर क्षेत्र असते. जमिनीवर रेघ कुठे येते ते त्यातून कळत नाही. तीन गुंठे म्हणजे 3,267 चौरस फूट हा हिशेब बरोबर असूनही भिंत शेजाऱ्याकडे जाऊ शकते. मोबाइलवरच्या नकाशातली रेघ तर कुणीच प्रमाण मानू नये. खरी हद्द कळण्यासाठी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करावा लागतो. तो आता ऑनलाइनही करता येतो. लगतच्या धारकांना नोटिसा जातात, भूकरमापक, म्हणजे मोजणी करणारा सरकारी कर्मचारी, येऊन हद्दीच्या खुणा दाखवतो आणि नंतर नकाशाची 'क' प्रत मिळते. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. नोटीस आली की शेजाऱ्यांनीही त्या दिवशी हजर राहावे. तिथेच हरकत नोंदवली तर पुढचे बरेच वाद टळतात.

पण आपल्या जागेवर दुसऱ्याचा हक्क असेल, तर तो निव्वळ मोजणीने कळत नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा 1882 चा आहे. शेजाऱ्याच्या जमिनीवरची वाट किंवा पाण्याचा मार्ग कुणी सलग 20 वर्षे उघडपणे, शांततेने आणि हक्क म्हणून वापरला, तर त्याला त्या वापराचा हक्क मिळू शकतो. परवानगी घेऊन केलेल्या वापराची गोष्ट वेगळी. त्यामुळे भिंत घालण्याआधी मंजूर ले-आउट, खरेदीखतातली चतुःसीमा आणि अटी, जुन्या सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना हे सगळे शांतपणे वाचावे. आपल्याकडे हे जास्तच गरजेचे आहे, कारण ज्या शेतांवर या कॉलन्या उठल्या तिथे पाटाच्या चाऱ्या होत्या, विहिरीवर जायच्या सामाईक वाटा होत्या. वाघाडी किंवा नासर्डीच्या काठी घर असेल तर पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषाही पाहावी. विकास आराखड्यातला रस्ता आपल्या कुंपणावरून जातो का, हे महापालिकेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा घेतला की समजते.

माझी मागणी एकच आहे. ले-आउट विकणाऱ्याने प्रत्येक प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत पक्के दगड रोवून द्यावेत आणि ड्रेनेज, पाण्याच्या लाइन दाखवणारा नकाशा खरेदीखताला जोडावा. तोवर महापालिकेने निदान आपल्याकडचे मंजूर ले-आउट संकेतस्थळावर खुले करावेत. नकाशाची प्रत मिळवण्यासाठी माणसाला ओळखी काढाव्या लागू नयेत.

यंदा भिंत घालणाऱ्यांना एवढेच सांगतो की मोजणीची तारीख मिळायला वेळ लागतो. अर्ज आधी करा, गवंड्याला इसार त्यानंतर द्या.

आपला,
एक प्लॉटधारक,
म्हसरूळ, नाशिक