खातं बदलल्याचा तो ईमेल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त झाल्याचं मला बँकेत गेल्यावर कळलं. निरोपाला येता आलं नाही, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता यावं असं लिहितोय, कारण आमच्या तासगाव भागातले बेदाण्याचे शेडवाले आता थेट चीनहून मशीन मागवायला लागलेत.

आमचा कलर सॉर्टर, म्हणजे रंगावरून बेदाणा निवडणारं मशीन, चीनमधल्या हफेईच्या कारखान्यातून यायचा होता. किंमत 26,000 डॉलर, सगळी रक्कम आगाऊ. पैसे पाठवायचा अर्ज मी भरूनच आणला होता. तो बाजूला ठेवून तुम्ही विचारलंत, "यातले किती बुडाले तरी तुमचा धंदा चालू राहील?" सात-आठ हजार, मी म्हणालो. "मग आगाऊ तेवढेच द्यायचे."

कारखाना 30 टक्क्यांवर आला. बाकीचे बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढवल्याच्या कागदाची, कॉपी मिळाली की टीटीने, म्हणजे बँकेतून थेट त्याच्या खात्यावर, पाठवा म्हणाला. कॉपी कोणीही बनवतो, माल सुटतो तो मूळ कागदावर, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. दुसरा मार्ग डीपीचा: त्यात कागद बँकेमार्फत येतात, पैसे भरल्याशिवाय हातात पडत नाहीत, पण खोक्यात काय आहे ते पैसे भरल्यावरच दिसतं. म्हणून उरलेल्या 18,200 डॉलरची एलसी, म्हणजे ठरलेले कागद बरोबर आले की विकणाऱ्याला पैसे द्यायची बँकेची हमी. मार्जिनला, म्हणजे बँकेकडे तारण म्हणून, एफडी ठेवावी लागली, कमिशन गेलं, तेव्हा मला ते जड वाटलं होतं.

मी एलसी म्हणजे मालाची हमी समजत होतो. तुम्ही यूसीपी 600, म्हणजे एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम, काढून त्यातलं पाचवं कलम माझ्याकडून वाचून घेतलंत: बँक कागदपत्रांचा व्यवहार करते, मालाचा नाही. कागद बरोबर असतील तर भंगार आलं तरी पैसे जाणार. मग तुम्हीच एलसीत एक ओळ घालायला लावलीत, आम्ही नेमलेल्या तिसऱ्या संस्थेचं, माल भरण्याआधीचं तपासणी प्रमाणपत्र. तपासणीवाल्याने फोटो पाठवले तेव्हा इन्व्हॉइसमध्ये आठ कॅमेरे आणि मशीनवर सहा होते. ते दोन बसवल्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नव्हतं, आणि प्रमाणपत्राशिवाय पैसे. चार दिवसांत बसले.

पण मला रात्री अजून आठवतो तो त्याआधीचा ईमेल. आगाऊ रक्कम पाठवायच्या दिवशी सकाळी कारखान्याच्या नावाने आला: आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, पैसे या नव्या खात्यावर टाका. खातं हाँगकाँगचं, नाव तिसऱ्याच कंपनीचं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. घाईत होतो, डॉलरचा दर चढत होता. तुम्ही मात्र ईमेलच्या पत्त्यातलं एक अक्षर बदललेलं दाखवलंत. "रिप्लाय करू नका. पहिल्यांदा ज्या नंबरवर बोललात, त्यावरच फोन लावा." तुमच्यासमोर फोन लावला. कारखान्यातल्या बाईंनी असा ईमेल पाठवलाच नव्हता. आमचा पत्रव्यवहार मधेच कुणीतरी वाचत होतं. 7,800 डॉलर त्या दिवशी वाचले. एकदा पैसे अशा खात्यात पोचले की परत मिळवणं किती अवघड असतं, हेही तुमच्याकडूनच कळलं.

माझी उलाढाल काही मोठी नाही. तुमच्या काउंटरवर मोठे निर्यातदार ताटकळत असायचे, तरी तुम्ही मला दोनदा जेवणाच्या सुट्टीत वेळ दिलात. न्हावा शेवाला माल सुटल्यावरही, बिल ऑफ एंट्री, म्हणजे माल आल्याचा कस्टमचा कागद, बँकेच्या नोंदीत जुळली का, नाहीतर आगाऊ रक्कम तुमच्या नावावर थकीत दिसेल, म्हणून आठवणीने फोन केलात. हे तुम्हाला कोणी करायला सांगितलेलं नव्हतं. मनापासून आभार.

मशीनचा हा दुसरा हंगाम. यंदाच्या हिरव्या बेदाण्याचं पाच किलोचं खोकं पाठवलंय. आणि एक विनंती: सावळजच्या माझ्या मित्राला मशीन घ्यायचंय, विकणारा पूर्ण आगाऊ मागतोय. येत्या रविवारी त्याला घेऊन घरी आलो तर चालेल का? इन्व्हॉइस बरोबर आणतो.

आपला,
तासगावचा एक बेदाणा शेडवाला