गोष्टीतल्या बाह्या कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांसाठी मोठ्या कादंबऱ्यांचे संक्षेप करणाऱ्यांना आपल्या दैनिकातून एक विनंती करायची आहे. मी लेखिका नाही. चाळीस वर्षं कपडे शिवते.

माझी अकरा वर्षांची नात ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ ही एल. एम. माँटगोमेरी यांची १९०८ सालची कॅनडातली गोष्ट संक्षेपात वाचत होती. ‘आजी, मला अ‍ॅनचा फ्रॉक शिवून दे,’ म्हणाली. कसा होता तो, म्हणून पुस्तक हातात घेतलं, तर एवढंच वाक्य सापडलं : मॅथ्यूने नाताळात तिला एक सुंदर फ्रॉक दिला. (मॅथ्यू आणि त्याची बहीण मरिला अनाथ अ‍ॅनला सांभाळतात.) यावरून मी काय बेतणार? मूळ पुस्तक मिळवलं आणि शब्दकोश शेजारी ठेवून ते सबंध प्रकरण वाचलं.

तिथे सगळं आहे. तपकिरी ग्लोरियाचा फ्रॉक. ग्लोरिया म्हणजे रेशमात लोकर किंवा सूत मिसळून विणलेलं कापड. त्याच्या छत्र्याही होत. घेराला झालरी आणि चुण्या, छातीवर पिनटक, म्हणजे टीप मारून घातलेल्या बारीक घड्या, गळ्याला तलम लेस. बाह्या कोपरापर्यंत लांब कफाच्या, आणि कफाच्या वर एकाखाली एक असे दोन फुगे, मधोमध चुण्यांच्या ओळी आणि रेशमी फितीची फुलं. ‘शिरिंग’ या शब्दापाशी शब्दकोशाने मला काहीच मदत केली नाही, पण वाक्य दोनदा वाचल्यावर कळलं की एकाखाली एक दोरे घालून चुण्या ओढण्याचं हे काम मी कितीदा केलेलं आहे.

पिनटकला कापड जास्त लागतं. ३ मिलिमीटरचा एक पिनटक ६ मिलिमीटर कापड खातो. वीस घातले की १२ सेंटिमीटर गेलं. म्हणून आधी अख्ख्या कापडावर टीप मारून घेतली आणि मगच पुढचा भाग बेतला. खरा वेळ घेतला तो बाह्यांनी. फुग्यासाठी कापड रुंदीला ६४ आणि उंचीला ४२ सेंटिमीटर घेतलं, लांब टाक्याच्या दोन-दोन ओळी मारून चुण्या ओढल्या आणि बाही मुंढ्याला, म्हणजे खांद्याच्या गोलाईला, जोडली. नातीने घातली तर दोन्ही फुगे आपल्याच वजनाने घसरून कोपरावर येऊन बसले. सगळं उसवलं. आत दंडाबरोबर बसेल असं सुती अस्तर लावलं, मधल्या चुण्या त्या अस्तरावर टिपल्या आणि प्रत्येक फुग्यात कडक जाळीची पट्टी घातली. मग बाही उभी राहिली. नात आरशासमोरून हलेना.

उरलेलं कापड मोजताना लक्षात आलं, की दोन बाह्यांना जेवढं गेलं तेवढ्यात फ्रॉकचा वरचा भाग आणखी एकदा निघाला असता. पुस्तकात मरिला हीच तक्रार करते! तिची तक्रार माझ्या टेपने खरी ठरवली, याचा मला फार आनंद झाला.

आणि हे तपशील शोभेचे नाहीत. मरिलाने अनाथ अ‍ॅनला आधी तीन साधे, घट्ट बाह्यांचे फ्रॉक शिवून दिलेले असतात. बाकीच्या मुलींच्या बाह्या फुगीर. आपली मुलगी वेगळी का दिसते, हे लाजऱ्या, साठीच्या मॅथ्यूला बराच वेळ विचार केल्यावर उमगतं. दुकानात जातो, पण बाईमाणसाशी बोलायचा धीर होत नाही, आणि वीस पौंड तपकिरी साखर आणि एक दाताळं घेऊन परततो. शेवटी शेजारच्या मिसेस लिंडना फ्रॉक शिवायला सांगताना कापड, रंग सगळं त्यांच्यावर सोपवतो. बाह्या तेवढ्या नव्या पद्धतीच्या हव्यात, एवढंच अडखळत म्हणतो. त्या माणसाची सगळी माया त्या मागणीत आहे. बाह्या गाळल्या की फ्रॉक पाहून अ‍ॅनच्या डोळ्यांत पाणी का येतं, ते मुलांना कळणारच नाही. माझ्या नातीलाही कळलं नव्हतं. मूळ प्रकरण मी तिला मराठीत सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे मॅथ्यूने ते बघितलं होतं!’

पानं कमी करायची असतात, हे मी समजू शकते. कापड कमी पडलं तर मीही घेर कमी करते. पण ज्या बाह्यांसाठी फ्रॉक शिवायचा, त्या कापत नाही. संक्षेप करणाऱ्यांनी कपड्यांची वाक्यं गाळण्याआधी ते कपडे कोणी कोणासाठी शिवले आहेत, ते बघावं. चित्रकारांनाही तेच सांगणं आहे : जुना काळ म्हणून कुठलाही लांब झगा काढू नका, मूळ वर्णन वाचा.

बाहीचा कागदी नमुना मी मापांसह जपून ठेवला आहे. मुलांच्या पानावर छापणार असाल, तर आनंदाने पाठवीन.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक