भुतांना सोडा, जरा हिरोकडे बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पानावर हॉरर पिक्चरांवर सरसकट बंदी आणा अशा अर्थाचं एक पत्र वाचलं. रक्त, किंचाळ्या, तुटलेले हातपाय बघून पोरं बिघडतात, हिंसक होतात, असा एकूण सूर होता. पत्रलेखकाची काळजी खोटी नाहीये, पण आरोपी भलताच पकडलाय असं मला वाटतं म्हणून हे लिहितेय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा (सेन्सॉरवरच लिहितेय म्हटल्यावर मी तक्रार कुठल्या तोंडाने करणार).

आधी सांगते, मी हॉररची जुनी प्रेक्षक आहे, बाई असून असलं बघतेस कसं हे ऐकून ऐकून कान किटलेत. पण इतकी वर्षं बघून एक गोष्ट लक्षात आलीय. हॉररमध्ये एक माणूस मरतो तेव्हा अख्खं थिएटर आकसून बसलेलं असतं आणि ॲक्शनमध्ये हिरो एका दमात चाळीस माणसं मारतो तेव्हा तेच थिएटर शिट्ट्या मारतं. मग हिंसेची सवय कुठे लागतेय? ज्या मरणाला आपण घाबरतो तिथे, का ज्या मरणावर आपण टाळ्या वाजवतो तिथे?

म्हणजे बघा, चांगल्या हॉररमध्ये कॅमेरा बहुतेक वेळ मरणाऱ्याच्या बाजूला असतो. कपाटात लपलेली मुलगी, तोंडावर दाबलेला हात, बाहेर पावलं थांबल्याचा आवाज, तुम्ही तिच्यासोबत कपाटात असता, मारणाऱ्यासोबत नसता. एका माणसाच्या मरणासाठी दिग्दर्शक वीस वीस मिनिटं घालवतो, म्हणजे त्या मरणाला काहीतरी वजन असतं. आणि ॲक्शनमधल्या त्या चाळीस जणांना नाव नसतं, धड चेहराही नसतो, गोळी लागली की ते फ्रेमच्या बाहेर पडतात आणि संपले, त्यांच्या घरी कोणी वाट बघतंय की नाही हा प्रश्नच स्क्रिप्टमध्ये नसतो.

बरं, हॉरर म्हणजे रक्त हेही अर्धवटच खरं आहे. या प्रकारातले जे पिक्चर लोकांच्या मनात रुतून बसलेत त्यातल्या कितीतरींमध्ये दाखवलेलं फार थोडं आहे. फ्रिट्झ लँगचा 1931 चा 'एम' घ्या, अगदी भुताखेताचा नाही तो, पण भीतीचाच पिक्चर, लहान मुलांचे खून करणाऱ्या माणसाची गोष्ट. मुलीचा खून पडद्यावर दिसतच नाही. आई हाका मारतेय, जेवणाच्या टेबलावर रिकामी जागा, मग झुडपातून गडगडत येऊन थांबलेला चेंडू आणि तारांमध्ये अडकलेला फुगा. बस. ते बघून पोटात जो गोळा येतो तो बादलीभर लाल रंग ओतून आलेला मी तरी पाहिलेला नाही.

हिचकॉकच्या 'सायको'मधला शॉवरचा सीन सगळ्यांना माहितीये. 1960 चा पिक्चर, ब्लॅक अँड व्हाइट, रक्त म्हणून चक्क चॉकलेट सिरप वापरलेलं, सीन एक मिनिटाचाही नाही पण शूटिंगला सात दिवस लागले कारण सगळी करामत तुकड्या तुकड्यांच्या एडिटिंगची. लोक शपथेवर सांगतात की आम्ही सुरी आत जाताना पाहिली. नीट बघितलं तर जवळजवळ सगळं व्हायोलिनचा कर्कश आवाज आणि आपलं डोकं यांनी मिळून केलेलं आहे. (भीती वाटली की लोक डोळे झाकतात, त्याचा काही उपयोग नाही हो, कान झाका. आवाज बंद करून हॉरर बघा, निम्मी भीती तिथेच गळून जाते.)

आणि 1974 चा 'टेक्सस चेन सॉ मॅसकर', नुसत्या नावानेच माणूस हादरतो. त्याच्या दिग्दर्शकाने, टोबी हूपरने, सौम्य सर्टिफिकेट मिळेल या आशेने रक्त मुद्दाम कमी ठेवलं होतं. तरी मिळालं नाहीच. ब्रिटनच्या सेन्सॉरने तर सर्टिफिकेटच नाकारलं, आणि तिथे त्यांची खरी पंचाईत झाली कारण कापायचं काय? भीती कुठल्या एका शॉटमध्ये नव्हती, सगळ्या पिक्चरभर पसरलेली होती, इथले दोन सेकंद तिथले चार सेकंद काढून ती जाणार नव्हती. शेवटी 1999 मध्ये तिथे तो एकही कट न देता पास झाला.

माझा मुद्दा इथेच आहे. जगभरच्या सर्टिफिकेट देणाऱ्यांची नजर वर्षानुवर्षं रक्तावर राहिलीय, कारण रक्त मोजता येतं. 'टॅक्सी ड्रायव्हर'चं उदाहरण फार बोलकं आहे. 1976 मध्ये शेवटच्या गोळीबाराला अमेरिकन बोर्डाने हरकत घेतली तेव्हा दिग्दर्शक स्कोर्सेसीने त्या भागाचे रंग उतरवले, रक्त लालभडकच्या जागी मातकट तपकिरी दिसायला लागलं आणि पिक्चर हवं ते सर्टिफिकेट घेऊन सुटला. माणसं तेवढीच मेली, तशीच मेली. पुढे 2003 मध्ये 'किल बिल'च्या पहिल्या भागातली ती मोठी तलवारबाजी अमेरिकेत बरीचशी ब्लॅक अँड व्हाइट दाखवली, जपानमध्ये मात्र रंगीत. म्हणजे तुटलेल्या हाताबद्दल हरकत नाही, त्याच्या रंगाबद्दल आहे!

याचा परिणाम काय झाला तर निर्माते हुशार झाले. अमेरिकेत 1984 मध्ये पीजी-13 नावाचं मधलं सर्टिफिकेट आलं, मुलांना चालतील म्हणून सोडलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' आणि 'ग्रेमलिन्स'मधल्या भीषण प्रकारांवर पालक चिडले म्हणून. हेतू चांगला होता. पण या खिडकीतून प्रेक्षक सगळ्यात जास्त मिळतात हे कळल्यावर मोठमोठे ॲक्शन पिक्चर तिच्यातूनच घुसायला लागले, युक्ती एकच, गोळ्या वाटेल तेवढ्या झाडा पण रक्त दाखवू नका. 2013 मध्ये 'पेडियाट्रिक्स' या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात एक अभ्यास आला, त्यात दिसलं की 1985 पासून पीजी-13 पिक्चरांमधला बंदुकीचा हिंसाचार तिपटीहून जास्त वाढला आणि 2012 मध्ये तर तो मोठ्यांसाठीच्या आर रेटिंगवाल्या पिक्चरांच्याही पुढे गेला. पोरांना नको म्हणून जी चाळणी लावली तिच्यातूनच हे सगळं पोरांपर्यंत पोचलं, तेही स्वच्छ धुतलेलं, न दुखणारं, न रडवणारं.

माझ्या मते रक्त नसलेली गोळी जास्त वाईट. गोळी लागली की माणूस फाटतो, ओरडतो, तासन् तास तडफडतो, वाचला तर आयुष्यभर लंगडतो. हे लपवलं की उरतो फक्त हिरोचा स्टायलिश हात.

आता कोणी म्हणेल की म्हणजे ॲक्शन बंद करायचं का. नाही हो. 'शोले' आठवा. ठाकूरच्या अख्ख्या कुटुंबाला मारल्याचा सीन आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण त्या लहान पोरावर गब्बर बंदूक रोखतो, गोळीचा आवाज येतो आणि आपल्याला दिसते ती रेल्वे. ठाकूरचे हात तोडताना दिसत नाहीत, तलवारी वर जातात आणि मग अंगावरची शाल उडून लोंबणाऱ्या रिकाम्या बाह्या दिसतात. आणि त्याआधी, ठाकूर घरी येतो तेव्हा, प्रेतांवरच्या चादरी वाऱ्याने उडतात, ठाकूर एकेका चेहऱ्याकडे बघतो, कॅमेरा घाई करत नाही. ही सरळ सरळ हॉररची समज आहे, मेलेल्याला जागा देण्याची. याच पिक्चरचा शेवट सेन्सॉरने बदलायला लावला हेही लोकांना माहितीये, मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी ठार मारतो, 1975 मध्ये थिएटरात आलेल्या पिक्चरमध्ये ऐन वेळी पोलिस येऊन उभे राहतात. तो शेवट चिकटवलेला वाटतो, मला कधीच पटला नाही, आणीबाणीच्या दिवसांत पोलिसांना मोठं करायची हौसही त्यात असेल. पण एक मान्य करायला हवं, तिथे हरकत रक्ताच्या लिटरवर नव्हती, शिक्षा कोणी द्यायची यावर होती. निदान प्रश्न तरी बरोबर विचारला होता.

हॉररचं सगळंच चांगलं असं मी म्हणत नाहीये. 1978 च्या 'हॅलोविन'नंतर सुरी घेऊन तरुण मुलींच्या मागे लागलेल्या खुन्यांची जी लाट आली तिच्यात कितीतरी पिक्चर असे होते की कॅमेरा थेट खुन्याच्या डोळ्यांत नेऊन बसवलेला, आणि बळी म्हणजे पद्धतशीरपणे कमी कपड्यांतली मुलगी. 1980 मध्ये सिस्केल आणि ईबर्ट या अमेरिकन समीक्षकांनी टीव्हीवर एक अख्खा कार्यक्रम याच विरोधात केला होता, मला त्यांचं बरंचसं पटतं. पण कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी पुढे वेगळीच गोष्ट दाखवून दिली, 1992 च्या त्यांच्या पुस्तकात. त्यांचं म्हणणं असं की हे पिक्चर बघायला येणारा प्रेक्षक मुख्यतः तरुण मुलगे, आणि शेवटच्या अर्ध्या तासात हे मुलगे जीव मुठीत धरून कोणासोबत असतात तर त्या एकट्या उरलेल्या मुलीसोबत. फायनल गर्ल हा शब्द त्यांचाच. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा घाबरलेल्या मुलीच्या जागी उभा राहतो, असं दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या पिक्चरमध्ये होतं सांगा बघू.

मात्र 2004-05 च्या आसपास 'सॉ' आणि 'हॉस्टेल'मुळे माणसाला बांधून हळूहळू छळायचं जे पेव फुटलं, त्यातलं बरंचसं मला टाकाऊ वाटतं. आपल्याकडे नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस सांगितलेत, एकाच्या मुळाशी भय, दुसऱ्याच्या मुळाशी किळस. ज्याला भीती निर्माण करता येत नाही तो किळस आणतो, सोपं असतं ते. आणि त्याच नाट्यशास्त्रात युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष दाखवू नका, दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळवा असंही आहे, म्हणजे काय दाखवायचं आणि काय नाही हा वाद आपण आज सुरू केलेला नाही.

राहिला मुलांचा प्रश्न, तो खरा गंभीर. लहान मुलांना हॉरर दाखवू नये, यात वादच नाही, ती घाबरतात, झोप उडते, काहींच्या मनात ते वर्षानुवर्षं राहतं. पण घाबरणं वेगळं आणि हिंसक होणं वेगळं, त्या पत्रात दोन्हीची सरमिसळ झालीय. अनुकरणाबद्दल अल्बर्ट बंडुरा यांचा 1965 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. एक मोठा माणूस हवेच्या बाहुल्याला बडवतोय अशी फिल्म मुलांना दाखवली, शेवट मात्र तीन वेगवेगळे, एकात त्याला शाबासकी, एकात शिक्षा, एकात काहीच नाही. शिक्षेचा शेवट पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर नक्कल करून दाखवाल तर बक्षीस देऊ म्हटल्यावर सगळ्याच मुलांनी जवळपास सारखंच करून दाखवलं! म्हणजे शिकली सगळीच होती, करायचं की नाही हे पुढे काय मिळतं यावर ठरलं. बाहुल्यावरून माणसावर उडी मारता येत नाही हे मान्य, पण शाबासकी घेऊन जाणारा कोण असतो हो पिक्चरमध्ये? भूत? भुताचा तर शेवटी बंदोबस्त होतो. हार घालून मिरवतो तो हिरो.

आपल्याकडच्या सर्टिफिकेटबद्दल एवढंच, 2023 च्या कायदादुरुस्तीने यूएचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले ते बरंच झालं. पण एकतर यूएमधलं हे वय म्हणजे पालकांना दिलेली सूचना, दारावर अडवतात ते फक्त ए ला, आणि दुसरं म्हणजे नुसत्या आकड्यावरून कळत काहीच नाही. ओटीटीवर कोपऱ्यात 'हिंसा' असं लिहून येतं, अहो पण कसली? कार्टूनमधली आपटाआपटी, बायकोला मारणारा नवरा, का रांगेत उभं करून घातलेल्या गोळ्या? ब्रिटनचं बोर्ड प्रत्येक पिक्चरसोबत आत कोणत्या प्रकारची हिंसा आहे, किती आहे हे थोडक्यात लिहून देतं, वाचून आईबाप आपलं ठरवू शकतात. इथेही तसं देणं अवघड नाही, बोर्डाचे लोक पिक्चर अख्खा बघतातच ना.

ते होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या पेपरचं परीक्षणाचं पान आहेच की. तिथे कथा, अभिनय, संगीत, छायाचित्रण सगळ्यावर एकेक परिच्छेद असतो आणि हिंसेबद्दल 'ॲक्शन दमदार' एवढे दोन शब्द. त्याऐवजी दोन ओळी अशा द्या की पिक्चर मारणाऱ्याच्या बाजूने बघतो का मरणाऱ्याच्या, मेलेल्यांचं पुढे काही होतं का, आणि बारा वर्षांच्या मुलासोबत बसून बघता येईल का. हॉरर असो, ॲक्शन असो, दोघांना सारखाच नियम. स्टार द्यायचे राहिले तरी चालतील, ते तसेही कोणी फार मनावर घेत नाही.

आपली,
एक वाचक (आणि हॉररची प्रेक्षक)