वकीलकाका, तिसऱ्या रकान्यासाठी आभार

वकीलकाका, सादर नमस्कार.

फी घेणार नाही म्हणालात, तेव्हा हे पत्र तरी घ्या.

बाबा गेल्यावर चार महिन्यांनी मी तुमच्याकडे आले, ती भांडायच्या तयारीनेच. शेवटची दोन वर्षं ते आत्याकडे होते, त्यामुळे त्यांचं सगळं तिच्या घरात राहिलं. घड्याळ, आईची पत्रं, डायऱ्या, आणि आई-बाबा दोघांचे आवाज असलेली ती एकच कॅसेट. मृत्युपत्र नव्हतं. आत्या फोनवर म्हणाली, "त्याचं सगळं मी केलं, वस्तू इथेच राहतील." मला तिला नोटीस पाठवायची होती. दादाकडे तिच्या घराची किल्ली होती. ती नसताना जाऊन घेऊन येतो, म्हणत होता.

किल्ली तुम्ही आधी परत करायला लावलीत. हक्काची वस्तूही अशी उचलली तर चोरीची तक्रार होऊ शकते, हे ऐकून दादा गप्प झाला. मग समजावलंत, की मृत्युपत्र नसलं म्हणून वस्तू ज्याच्या कपाटात त्याची होत नाही, ती वारसांची. पण जिवंतपणी हातात दिलेली भेट वाटणीत येत नाही, म्हणून घड्याळाबद्दल आत्या नेमकं काय म्हणते ते आधी विचारा. विचारलं. दवाखान्यात जाताना बाबांनी ते काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ठेव." सांभाळायला की कायमचं, हे आता कोण सांगणार?

नोटीस राहिली. तुम्ही यादी करायला सांगितलीत. पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात ती का हवी ते एका ओळीत, आणि तिसऱ्यात आत्याकडे काय राहावं. बँकेतल्या पैशांचा त्यात उल्लेखही नको, आणि सगळं ठरेपर्यंत काही टाकू नकोस एवढी विनंती मात्र हवी. तिसऱ्या रकान्यावरून मी तुमच्यावर चिडले होते, आठवतं? दोन संध्याकाळी तो कोराच होता. शेवटी लिहिलं: घड्याळ, चष्मा, शेवटच्या वर्षाची डायरी. डायरी लिहिताना हात अडला. पण त्या वर्षी बाबांजवळ आत्या होती, मी नव्हते.

यादी आत्याला पाठवली. पंधरा दिवस उत्तर नाही. मग फोन आला, "या."

तुम्ही सोबत आलात आणि तासाभरात जेमतेम दोनदा बोललात. एकदा आत्याला पाणी द्या म्हणालात, एकदा पोच लिहा म्हणालात. घरातल्या घरात दोन प्रतींवर तारीख घालून सह्या करायच्या, हे मला तेव्हा अपमानास्पद वाटलं. पुढे चुलतभावाने डायऱ्यांचा विषय काढला, तेव्हा तोच कागद पुढे केला.

सगळं मिळालं असं नाही. आईच्या पत्रांचा एक गठ्ठा आत्याने दिला नाही, पण समोर बसून फोटो काढू दिले. बाबांचं पेन सापडलंच नाही. कॅसेट मात्र मिळाली. जुनी फीत तुटेल, घरच्या टेपवर लावू नका, आधी जाणकाराकडून डिजिटल प्रत करून घ्या, असं तुम्ही बजावलं होतंत. एक प्रत आत्यालाही पाठवली.

परवा तिचा फोन आला. कॅसेटच्या शेवटी बाबा कुणाला तरी हाक मारतात, नाव नीट कळत नाही. मी म्हणते मला, ती म्हणते तिला. या वादासाठी मात्र आम्ही तुमच्याकडे येणार नाही.

तुमची आभारी,
यादीवाली