मावशी म्हणून येणाऱ्या अधिकारी बाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला झालेल्या मोटार अपघातानंतर अल्पवयीन चालकाला जामिनावर सोडताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीची जी चर्चा झाली, तिच्यामुळे कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांची प्रकरणे पाहणारे बाल न्याय मंडळ हे नाव घरोघरी पोहोचले; परंतु अशा मंडळापुढे मुलाच्या घरची हकिगत मांडण्यासाठी आणि पुढे त्याच्यावर देखरेख ठेवण्यासाठी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) नेमलेला असतो, हे त्या गदारोळात फारसे कोणाच्या कानी आले नाही. अशाच एका अधिकारी बाईंचे काम रात्रशाळेत शिक्षक असताना मी दोन वर्षे जवळून पाहिले.

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मुलाला ताब्यात घेतल्याची माहिती परिविक्षा अधिकाऱ्याला द्यावी लागते आणि त्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल मंडळाला सादर करायचा असतो. ‘वडील व्यसनी, संगत वाईट, अभ्यासात रस नाही’ असे लिहून तो कचेरीत बसूनही भरता येतो. या बाई मात्र मुलाची आई धुण्याभांड्याची कामे उरकून परतल्यावर, दिवेलागणीला वस्तीत जात. अशाच एका मुलाची शाळा का सुटली याचा त्यांनी पिच्छा पुरवला, तेव्हा फी थकल्यामुळे आधीच्या शाळेने दाखला अडवून ठेवल्याचे उघड झाले. तीन हेलपाटे घालून त्यांनी तो दाखला मिळवला आणि मुलाला आमच्याकडे नववीत आणून बसवले. मंडळाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, त्यांच्या देखरेखीखाली, आईकडे सोपवले होते.

महिन्यातून दोनदा तरी, रात्री नवाच्या सुमारास, खांद्याला कापडी पिशवी अडकवून त्या शाळेत येत. मुलाकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून शिपायापासून सर्वांना त्यांनी आपण त्याची मावशी असल्याचे सांगितले होते. हजेरीपट मात्र माझ्या टेबलाशी उभ्या राहून, ओळीवरून बोट फिरवीत वाचत. एकदा सलग चार दिवसांची गैरहजेरी दिसताच त्या तशाच त्याच्या घरी गेल्या. आई तापाने आजारी होती आणि हा मार्केट यार्डात रात्रीची हमाली करत होता. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “सर, त्याचं मी बघते, पण बुडालेलं बीजगणित तुमच्याकडे.” त्या बीजगणितापायी माझे दोन रविवार गेले, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

सगळीच मुले मार्गी लागली असे नाही. त्यांच्या देखरेखीखालचा दुसरा एक मुलगा तीन महिन्यांत शाळा सोडून गेला आणि पुन्हा पकडला गेला. तो विषय निघाला की बाई बोलण्याचे टाळत. पहिला मुलगा दहावी उत्तीर्ण झाला. ‘आता याला नोकरी कोण देणार’ अशी धास्ती त्याच्या आईला होती, तेव्हा याच कायद्याच्या कलम २४ नुसार अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे अपात्र ठरवता येत नाही, हे त्यांनी तिला चहा घेता घेता तिच्या भाषेत समजावून दिले.

मुलाची ओळख उघड करण्यास कलम ७४ ने मनाई आहे आणि बाईंचे नाव दिले तर माग त्याच्यापर्यंत पोहोचेल, म्हणून दोन्ही नावे येथे दिलेली नाहीत. जिल्हा बाल संरक्षण कक्षात विधी तथा परिविक्षा अधिकाऱ्याचे पद एकच, तेही कंत्राटी. या कामाचा उल्लेख बाईंच्या सेवापुस्तकात व्हावा, असा अर्ज घेऊन मी महिला व बालविकास विभागाच्या कार्यालयात गेलो होतो. कंत्राटी कर्मचाऱ्याला सेवापुस्तक नसते, असे तिथे मला सांगण्यात आले. तेव्हा ही नोंद आपल्या सदरात व्हावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रात्रशाळा शिक्षक, पुणे