ते एसीचं पाणी नव्हतं

मुलुंड, 12 मे

ती. आई आणि बाबांना सा. न.

फोन लावला की आई "सगळं ठीक आहे रे" म्हणते आणि फोन बाबांकडे देते. बाबा चिऊची चौकशी करतात, जेवलास का विचारतात, आणि फोन संपतो. म्हणून आज लिहायलाच बसलो. परवा आई हिला म्हणाली, "आता आमची हौस पुरे झाली गं. आम्हा म्हाताऱ्यांना घेऊन निघालात म्हणून तुमचे एवढे हाल झाले." हिने ते मला रात्री सांगितलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

आई, हाल तुमच्यामुळे झालेले नाहीत. कशामुळे झाले ते मला आता नीट कळलंय. तेच सांगायचंय.

गुहागरला निघायच्या आठेक दिवस आधी तुम्ही आमच्याकडे आला होतात. पार्किंगमध्ये गाडीखाली तळहाताएवढी ओल होती. मी म्हटलं, एसीचं पाणी असेल. बाबा, तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकलात, बोट त्या ओलीत बुडवलंत, अंगठ्यावर चोळलंत, नाकाशी नेलंत. म्हणालात, "एसीचं पाणी असं चिकट लागत नाही. कूलंट आहे हे, इंजिन थंड ठेवणारं. ते फिरवणारा वॉटर पंप बघून घे." मी हो म्हटलं. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली आणि काउंटरवरच्या मुलाला पंपाचं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी बिल आलं: होज पाइपची क्लिप टाइट केली, कूलंट टॉप-अप, वॉशिंग. पंपाबद्दल एक अक्षर नव्हतं आणि मीही विचारलं नाही. छापील बिल होतं, गाडी चकचकीत धुतलेली होती, मला वाटलं झालं काम. बेस्टच्या दादर वर्कशॉपमध्ये 36 वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाने बोटाने तपासून सांगितलेलं मी त्या कागदापुढे सोडून दिलं.

सकाळ किती छान होती ना आपली! परळहून शिवडीला पोचलो तेव्हा धड उजाडलंही नव्हतं. अटल सेतूवर आई खिडकीला नाक लावून बसली होती. "अरे, 16 किलोमीटर समुद्रावरून!" असं चिऊला चार वेळा सांगून झालं. पेणला पोह्यांचे पापड घेतले, वडखळला मिसळ खाल्ली. आईच्या मांडीवर ती कापडी पिशवी होती. देवीची हिरवी साडी, ओटीचं सामान आणि वेळणेश्वरला ठेवायचा नारळ. पिशवी मागे डिकीत ठेवू म्हटलं तर दिली नाहीस.

मग माणगावची कोंडी. पाऊण तास गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. एसीतून कोमट वारा यायला लागला तेव्हा बाबा म्हणालात, "काटा बघ." तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला होता. मी म्हटलं, "परवाच सर्व्हिसिंग झालंय बाबा, ट्रॅफिकमुळे असेल." लोणेरे ओलांडल्यावर बॉनेटमधून वाफ आली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातलं एक मला लिहायलाच हवं. महाडजवळच्या त्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडल्या उघडल्या सांगितलं, "रेडिएटर लीक आहे." त्याने इंजिनाचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून बाजूला टाकला, म्हणाला, आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा लागतच नाही. बाबा, तुम्ही पुढे होऊन त्याला म्हणालात, "वॉल्व्ह काढू नको, लीक रेडिएटरला नाही, पंपाखाली हात घालून बघ." तो म्हणाला, "काका, तुम्ही सावलीत बसा." आणि त्याच्या मागोमाग मीही म्हणालो, "बाबा, तुम्ही बसा ना जरा तिकडे, त्याला करू दे त्याचं."

तुम्ही काही न बोलता टपरीच्या बाकावर जाऊन बसलात. पाठीला रेलला नाहीत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नुसते गाडीकडे बघत राहिलात. मला ते तेव्हाही दिसलं होतं, बाबा. दिसूनसुद्धा मी तोंड फिरवलं. लवकर निघायची घाई होती, चिऊ रडत होती, ऊन डोक्यावर होतं, पण ही काही कारणं नव्हेत.

हळद मात्र आईने ओळखली. त्या माणसाने कागदाच्या पुडीतून काहीतरी रेडिएटरमध्ये ओतलं, वरून नळाचं पाणी भरलं. आई तिथूनच म्हणाली, "अगंबाई, हळदीचा वास येतोय." हळदच होती ती. बारीक भोक असेल तर हळद त्यात जाऊन बसते आणि गळती थांबते, असा तो जुना जुगाड आहे. पण आपल्या रेडिएटरला भोक नव्हतंच. हळद बसली ती आतल्या बारीक नळ्यांमध्ये, आणि पंप गळायचा तो गळतच राहिला. 2800 रुपये दिले आणि निघालो. कशेडीच्या बोगद्याने घाटाचा चढ वाचला, काटा जागेवर होता, तेव्हा मी आरशातून तुमच्याकडे बघून हसलोसुद्धा. भरणे नाक्याच्या अलीकडे गाडीने मान टाकली आणि मागून पांढरा धूर आला.

तिथे मात्र मी तुम्हाला बसा म्हटलं नाही. तुम्ही रुमालाने ऑइलची पट्टी बाहेर काढलीत आणि उन्हात धरलीत. पट्टीवर काळं ऑइल नव्हतं, दूध घातलेल्या चहासारखा तांबूस फेस होता. चिऊ म्हणाली, "आजोबा, चहा!" तुम्ही हळूच म्हणालात, "ऑइलमध्ये पाणी शिरलंय. हेड गॅस्केट गेलं, इंजिनाच्या हेडखालचं सील. आता चावी लावायची नाही, कोणी काहीही सांगितलं तरी." नाक्यावरचा एक जण "मी चालू करून देतो" म्हणत मागे लागला होता. या वेळी मी तुमचं ऐकलं. परवा मेकॅनिक म्हणाला, अजून चार किलोमीटर चालवली असती तर अख्खं इंजिन बदलावं लागलं असतं.

आई, त्या दुपारी सगळ्यात जास्त भीती मला तुझ्या इन्सुलिनची वाटत होती. गाडी तापलेली, थर्मासातला बर्फ वितळलेला. तू कोकम सरबतवाल्याकडून मूठभर बर्फ मागून आणलास आणि पेन दोन नॅपकिनांत गुंडाळून मग त्यावर ठेवलंस, बर्फाला चिकटून गोठलं तर वाया जातं म्हणून. तुझे पाय सुजले होते. चप्पल हातात घेऊन लॉजच्या पायऱ्या चढलीस आणि वर गेल्यावर आधी चिऊला भरवलंस. दुसऱ्या दिवशी मांडवी एक्सप्रेसच्या जनरल डब्यात तुम्हाला चढवून मी फलाटावर उभा होतो, तेव्हाही खिडकीतून तू मलाच सांगत होतीस, "जेवून घे रे." आणि ती पिशवी तशीच तुझ्या मांडीवर होती. गुहागर तिथून जेमतेम दोन तासांवर राहिलं होतं.

गाडी टोचन करून मुलुंडला आणली. इथला मेकॅनिक वयस्कर आहे, कमी बोलतो, पण काढलेला प्रत्येक पार्ट दाखवल्याशिवाय टाकत नाही. हेड उतरवलं तेव्हा मी तिथेच होतो. गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधे जळून काळं पडलं होतं. रेडिएटर उलटा केला तर पिवळा चोथा पडला. आणि वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला सुकलेल्या कूलंटचा गुलाबी पापुद्रा जमला होता. मेकॅनिक म्हणाला, हा काही एका दिवसात जमत नाही, पंप महिनाभर तरी गळत असणार. म्हणजे त्या दिवशी पार्किंगमध्ये तुम्ही म्हणालात ते शब्दन् शब्द खरं होतं. तेव्हाच पंप बदलला असता तर काही हजारांत भागलं असतं. आता हेड घासून सपाट करायला, फेसिंगला गेलंय, रेडिएटर नवा, पंप नवा, वॉल्व्ह नवा, सगळं मिळून 38 हजारांचा अंदाज दिलाय. पैशांचं वाईट वाटत नाही. त्या बाकाचं वाटतं.

बाबा, माफ करा. हे समोर आल्यावर माझ्याच्याने बोलवणार नाही आणि तुम्ही "सोड रे" म्हणून विषय बदलाल, म्हणून लिहून पाठवतोय.

आता एक काम आहे. शनिवारी गाडी जोडून होईल. ताब्यात घेण्याआधी तुम्ही एकदा बघावी अशी माझी इच्छा आहे. मेकॅनिकला सांगून ठेवलंय की वडील बेस्टच्या वर्कशॉपमधले आहेत, ते येऊन इंजिन ऐकतील, मगच मी पैसे देईन. त्याला राग आला नाही, उलट म्हणाला, जरूर आणा. मी सकाळी 10 वाजता टॅक्सी घेऊन परळला येतो. जवळचा चष्मा विसरू नका. टॉर्च माझ्याकडे आहे.

आणि आई, हौस पुरे झाली हे तू ठरवायचं नाहीस. गणपतीत रस्त्याला गर्दी फार असते, तेव्हा नको. दिवाळी झाली की जाऊ. चिपळूणपर्यंत तुम्ही दोघं, ही आणि चिऊ मांडवीने या, रिझर्व्हेशन मी आधीच करून ठेवतो. गाडी घेऊन मी आदल्या दिवशी पुढे जातो आणि स्टेशनवर थांबतो. तिथून गुहागरपर्यंत बाबा पुढच्या सीटवर बसतील. देवीची साडी कपाटात ठेवलीस असं हिने सांगितलं. नारळ वापरून टाक, नवा घेऊ. साडी मात्र त्या पिशवीतच राहू दे.

तुमचा,
बाळा

ता. क. बाबा, तो जुना वॉटर पंप मी मेकॅनिककडून मागून घेतलाय. पापुद्रा न पुसता पेपरात गुंडाळून ठेवलाय. शनिवारी दाखवतो.